कावळ्याशी लढा: महागावकरांसाठी मार्गदर्शिका

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याचा भाचा महागावला आला. 'रेसिडेंट ईव्हिल' या जपानी खेळमालिकेत त्याने मेलेल्या माणसांच्या फौजा पुन्हा एकदा मारल्या आहेत, असे बहीण अभिमानाने सांगत होती. हे ऐकून आईने त्याला गच्चीवर कुरडया राखायला बसवले. अर्ध्या तासात गडी खाली आला. बाज निम्मी रिकामी, कपाळावर ओरखडा. "मामा, तुमच्या इथले कावळे नियम पाळत नाहीत," एवढेच बोलला. आई म्हणाली, "पोट्टं कामाचं नाही."

अशी नामुष्की इतरांवर येऊ नये, म्हणून ही मार्गदर्शिका. चीक शिजवण्याआधी वाचावी. नंतर उपयोग नाही.

१. शत्रूची ओळख

कॅपकॉम कंपनीच्या या मालिकेत कावळा १९९६ च्या पहिल्या भागापासून आहे. विषाणू लागलेल्यांचे मांस खाऊन तो बिघडलेला असतो. १९९८ च्या दुसऱ्या भागात तो पोलीस ठाण्याची खिडकी फोडून आत येतो. २००५ च्या चौथ्या भागात मात्र तो सुधारला. बंदुकीचा आवाज आला की उडून जातो, आणि नेम लागलाच तर पैसे टाकून मरतो.

महागावचा कावळा पैसे टाकत नाही. तो काय टाकतो, ते निंबाखाली गाडी लावणाऱ्याला विचारावे. मान राखाडी असेल तर तो गावकावळा. सगळा काळा आणि जाड चोचीचा असेल तर डोमकावळा. बिघडायला विषाणूची गरज दोघांनाही नाही.

कायद्याची बाजूही पाहून ठेवावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळा उंदरांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. म्हणजे सरकारने आपल्या बाजूने लढाई थांबवली आहे. कावळ्याला हे कोणी कळवलेले दिसत नाही.

२. हत्यारे

खेळात डोळे दिपवणारा गोळा फेकला की अख्खा थवा आडवा होतो. वैशाखात आपल्याकडे ऊनच असे असते की त्यात आणखी दिपायला कोणाचे डोळे शिल्लक नसतात. गलोल उचलण्याआधी कावळा उडतो. रिकामा हात उचलला तर बसून पाहतो. काळे फडके टांगावे, ते दोन दिवस चालते. तिसऱ्या दिवशी तो त्यावरच बसून कुरडई खातो.

सर्वांत मोठी सावधगिरी चेहऱ्याची. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये मुखवटे घालून कावळे पकडले आणि खुणेची कडी घालून सोडून दिले. पुढे तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करून मागे लागत, तेही वर्षानुवर्षे. जे कधी पकडले गेले नव्हते, तेही त्यात सामील झाले. तिथला कावळा वेगळ्या जातीचा, पण घराणे एकच. खेळात चूक झाली तर मागच्या जागेवरून पुन्हा सुरू करता येते. तशी नोंद इथेही ठेवली जाते, पण ती कावळ्याकडे असते. म्हणून दगड मारायचाच असेल तर शेजाऱ्याची टोपी घालून मारावा.

३. शत्रूचा तळ

घरट्यात पिल्ले असताना झाडाखालून जाऊ नये. गेलात तर डोक्याला दुपट्टा बांधावा, कारण कावळा मागून येतो. घरटे मोडण्याचा विचार मनात आणू नये. ते निंबा-आंब्यावर असले तर पाऊस बरा, काटेरी झाडावर असले तर ओढ, असे जुने शेतकरी कपाशीची सरकी लावण्याआधी बघून ठेवतात. हवामान खाते कोणी पाडत नाही.

या तळावर आजवर एकच खेळाडू जिंकला आहे: कोकिळा. ती कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि पोर वाढवायचे काम शत्रूवर सोपवून निघून जाते. ज्यांना पोरे आजोळी पाठवायची सवय आहे, त्यांनी हा डाव समजून घ्यावा.

४. शेवटचा टप्पा

खेळाच्या पहिल्या भागात एक चित्रदालन आहे. वर कावळे बसलेले, भिंतीवर चित्रे: तान्हे बाळ, मुलगा, तरुण, थकलेला प्रौढ, म्हातारा. चित्राखाली बटणे. वयाच्या क्रमाने दाबत गेले की शेवटी मरणाच्या चित्रापाशी कोडे सुटते आणि कावळे जागचे हलत नाहीत. क्रम चुकला की सगळे अंगावर येतात.

आपल्याकडे चित्रे तीच, नियम उलटा. तालुक्यात हिवरा संगमला पूस पैनगंगेला मिळते. तसा एखादा नदीकाठ डोळ्यांपुढे आणा. दहावा दिवस, पिंड मांडलेले. इथे काही चुकले असेल तर कावळा येतच नाही. ऊन चढते, भटजी घड्याळ पाहतात आणि मुलगे बटणे दाबू लागतात. "धाकट्याचं लग्न करून देऊ." "विहिरीवरून भांडणार नाही." "आईला अंतर देणार नाही." कोणत्या बटणाने दार उघडले, ते कावळाच जाणे. काहीच चालले नाही तर दर्भाचा कावळा करतात. भाच्याच्या भाषेत याला 'चीट कोड' म्हणतात.

आमच्या वडिलांनी हयातभर गच्चीवरचे कावळे हाकलले. त्यांच्या दहाव्याला कावळा दीड तास समोरच्या बाभळीवर बसून होता. आम्ही भावांनी शेतापासून सोन्यापर्यंत सगळी वचने देऊन पाहिली. शेवटी आई पुढे झाली, हात जोडले आणि म्हणाली, "यापुढं मी वाळवण राखणार नाही." कावळा उतरला.

आईने शब्द पाळला. तेव्हापासून ती स्वतः गच्चीवर बसत नाही, नातवाला बसवते. आणि कुरडया घालताना एक पायली गहू जास्तीचा भिजवते. वाचकांनीही तेवढा भिजवावा.