स्थानिक म्हणजे किती किलोमीटर?

साडी महेश्वरी, शेव रतलामी, छपाई बागची आणि पोहे इंदूरचे. चित्रकार मात्र 'स्थानिक'.

परवा फोनवर निमंत्रण आलं. 'स्थानिक कलावंतांचं समूह चित्रप्रदर्शन. तीन दिवस. आपली उपस्थिती प्रार्थनीय.' त्यातला 'प्रार्थनीय' मला लगेच पटला. इंदुरात चित्रं बघायला माणूस यावा यासाठी प्रार्थनेपलीकडे इलाज नाही. फार तर खजरान्याच्या गणपतीला नवस बोलता येतो. अडकलो ते 'स्थानिक'पाशी. सराफ्यात रात्री अकरा वाजता भुट्ट्याचा कीस देणारा कधी म्हणतो का, की साहेब, स्थानिक आहे, जरा सांभाळून घ्या? उलट तो आपल्याकडे असा बघतो, की आपणच बाहेरगावचे वाटायला लागतो.

तरी गेलो. दालनाचं नाव सांगत नाही. गावात अशी दालनं मोजकी आहेत आणि मला पुन्हा तिथेच जायचं आहे. आत ट्यूबलाइटी होत्या, त्यातली एक लुकलुकत होती आणि नेमकी तिच्याच खाली मांडूचं निसर्गचित्र लावलेलं. जहाज महालावर अखंड विजा चमकत होत्या. चित्रकार बिचारा प्रत्येकाला सांगत होता की मी दुपारचं ऊन काढलंय. चित्रं अशी वर-खाली का लावलीत, असं मी विचारलं, तर कळलं की जागा जुने खिळे ठरवतात. आधीच्या प्रदर्शनाचा खिळा जिथे असेल तिथे तुमचं चित्र.

पाहुणे तासभर उशिरा आले. फीत कापली, दिव्यासाठी पंखे बंद केले, दिवा लागला, पंखे पुन्हा लावले, दिवा विझला. मग पाहुण्यांनी एका पूर्ण अमूर्त चित्रासमोर उभं राहून 'इतकं हुबेहूब काढायला फार धीर लागतो' असं सांगितलं आणि 'स्वच्छतेत आपण पहिले, तसे कलेतही होऊ' म्हणून ते पुढच्या फितीकडे गेले. त्यानंतर कचोरी आली. कचोरी संपल्यावर दालनात जे उरले ते सगळे चित्रकार होते. एकमेकांची चित्रं बघत होते. इंदुरात चित्रकाराचा प्रेक्षक दुसरा चित्रकारच असतो, आणि तोही आपल्या वेळी यानं यावं म्हणून आलेला असतो. आमच्या आळीतल्या बायका याला भिशी म्हणतात.

मीही अभिप्राय वहीत 'खूप छान, असेच काढत राहा' लिहून आलो. माझ्या आधीच्या सहा जणांनीही तेच लिहिलं होतं.

आता हे सगळं एखाद्या रुक्ष, व्यापारी, काल वसलेल्या गावात घडलं असतं तर मी सदर खर्ची घातलं नसतं. पण हे इंदूर आहे. इथे १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी चित्रशाळा काढली. तेव्हा कचोरी होती की नाही ठाऊक नाही, पण विद्यार्थी कोण होते ते बघा. नारायण श्रीधर बेंद्रे. मकबूल फिदा हुसेन. देवकृष्ण जटाशंकर जोशी. विष्णू चिंचाळकर. देवयानी जाधव, ज्या पुढे देवयानी कृष्ण म्हणून ओळखल्या गेल्या. एका संस्थानी गावातल्या एका मास्तरांच्या हाताखाली एवढी नावं म्हणजे एकाच गल्लीत चार तेंडुलकर राहत असल्यासारखं आहे. मास्तर मुलांना घेऊन बाहेर पडायचे. घाट, गल्ल्या, झाडं, ऊन. माळव्याचं ऊन कागदावर उतरवायला यांतले बरेच जण तिथे शिकले. (आणि आपण त्या उन्हावर ट्यूबलाइट मारतो.) परीक्षेला मात्र मुंबईकडेच बघावं लागे, बेंद्र्यांनी चित्रकलेची सरकारी पदविका १९३३ साली मुंबईचीच घेतली. म्हणजे शिकायचं इथे आणि शिक्का तिथे. तेव्हापासूनचं हे दुखणं आहे.

तेव्हा हे सगळेच स्थानिक होते. मग ते स्थानिक नेमके कधी राहिले नाहीत? मी यावर विचार केला आणि उत्तर कलेत सापडलं नाही. रेल्वेच्या वेळापत्रकात सापडलं. संध्याकाळची अवंतिका एक्स्प्रेस पकडायची. रात्रीत कुठेतरी हद्द लागते. सकाळी मुंबईत उतरलेला माणूस स्थानिक नसतो, तो 'इंदूरचा सुपुत्र' असतो.

हुसेन यांचंच बघा. जन्म पंढरपूरचा, १९१५ चा, पण वाढले इंदुरात. हा मुलगा चित्रंच काढणार, अडवू नका, असं त्यांच्या वडिलांना समजावलं ते बेंद्र्यांनी. पुढे हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवू लागले, म्हणजे सुपुत्रपणाचा पहिला हप्ता भरला. मग जगभर गेले, अनवाणी गेले, २०१० साली कतारचे नागरिक झाले आणि २०११ साली लंडनमध्ये वारले. त्यांचं १९५४ चं 'ग्रामयात्रा' हे लांबलचक चित्र कित्येक वर्षं नॉर्वेत, ऑस्लोच्या एका रुग्णालयाच्या मालकीचं होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते १ कोटी ३७ लाख डॉलरच्या पुढे गेलं, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये. त्या दिवशी आमच्या कट्ट्यावर 'आपला हुसेन' हा शब्द मी चौदा वेळा ऐकला. 'आपला' म्हणणाऱ्यांतला एकही जण इंदूरच्या चित्रदालनात कधी गेला नव्हता. एकाला तर ते कुठे आहे हे मीच सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "भिया, तिथे पार्किंग आहे का?"

बेंद्रे १९५० साली बडोद्याला शिकवायला गेले. बडोद्याचं अंतर मुंबईपेक्षा कमी, त्यामुळे सुपुत्रपणही जरा कमी. तरी १९९२ साली पद्मभूषण मिळालं तेव्हा आम्ही ते वाटून घेतलंच. हुसेन यांच्या वाट्याला आता दोह्यात अख्खं संग्रहालय आलंय. अंतराच्या सूत्रात हेही चपखल बसतं.

या सूत्राचा सर्वांत लांबचा पुरावा मात्र माणसांचा नाही, पक्ष्यांचा आहे. एकीकडे देवळालीकर मास्तर मुलांना उन्हात नेत होते, तेव्हा दुसरीकडे तरुण महाराज यशवंतराव होळकर माणिकबागेत जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियुसकडून नवा राजवाडा बांधून घेत होते. लोखंड-काचेचा, पॅरिसच्या खुर्च्यांचा, तेव्हाच्या युरोपलाही नवा वाटेल असा. महाराजांनी शिल्पकार ब्रांकुशीकडून 'अवकाशातला पक्षी' घेतला. एक नाही, तीन. एक ब्राँझचा, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचा. या पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. १९३८ च्या सुरुवातीला ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेला. मंदिर झालं नाही. कल्पना करा, झालं असतं तर आज त्याच्याबाहेर नारळवाल्यांची रांग असती आणि आपण कलेत खरंच पहिले आलो असतो. ते राहिलं. पक्षी उडाले. ब्राँझचा कॅलिफोर्नियात पासाडिनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात, संगमरवरी जोडी ऑस्ट्रेलियात कॅनबेरात. फर्निचर १९८० साली मोनॅकोत लिलावात गेलं. २०१९ साली पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयात त्याचं प्रदर्शन भरलं; इंदूरचा दिवाणखाना बघायला पॅरिसकर तिकीट काढून आले.

आणि माणिकबाग? तिथे केंद्रीय जीएसटी आणि सीमाशुल्काचं कार्यालय आहे. जिथे पक्षी बसायचे तिथे आता कर बसतो.

न गेलेल्यांचं काय होतं? त्यांना पदवी मिळते: 'गुरुजी'. विष्णू चिंचाळकर इथेच राहिले. जलरंग, व्यक्तिचित्र, सगळ्यात हात बसलेला असताना त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि वाळकी पानं, काटक्या, झाडाच्या साली, फुटक्या-तुटक्या वस्तू उचलून त्यांत चेहरे शोधायला सुरुवात केली. गायक कुमार गंधर्व, पत्रकार राहुल बारपुते यांच्या मैफलीतला हा माणूस. त्यांच्याकडे गेलेलं पोर खिशात काडी घेऊन जायचं आणि पक्षी घेऊन परत यायचं. (या पक्ष्याला कॅनबेरा माहीत नव्हतं.) २००० साली ते गेले. सतरा वर्षांनी इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, आणि मग येतच राहिलं. तेव्हा कोणीतरी टाकाऊतून कलाकृती बनवायचा शोध लावला. आता चौकाचौकात भंगारातली शिल्पं आहेत, बागेत लोखंडी भंगाराची अयोध्येच्या मंदिराची प्रतिकृती आहे, त्यापुढे सेल्फीला रांग आहे. गुरुजींची चूक एवढीच की त्यांनी कचरा टनात मोजला नाही.

तरी आशा सोडू नये. या शहराला एक गोष्ट उत्तम जमते: गुण मिळणार असतील तर ते काहीही करतं. कचऱ्याचं वर्गीकरण करा म्हटलं, गुण आहेत म्हटलं, आणि घराघरातल्या आजी सालं वेगळी आणि पिशवी वेगळी ठेवायला लागल्या. माझी दिल्लीला नम्र सूचना आहे, एक 'चित्र सर्वेक्षण' सुरू करा. दरडोई किती चित्रं बघितली, याला गुण ठेवा. महिन्याभरात सकाळी गाणं वाजवत गाडी दारात येईल: तैलरंग ओल्यात टाका, कोळशाची रेखाटनं सुक्यात. पहिल्या वर्षी पहिले येऊ. भोपाळ दुसरं आलं तर अधिकच बरं. दालनातली ती ट्यूबलाइट मात्र पथक यायच्या आदल्या रात्रीच बदलली जाईल, हेही मला माहीत आहे.

तोवर दालनं मागायला जावं लागतं. रिगलजवळ अहिल्या वाचनालयाच्या आवारातल्या दुआ सभागृहाची वीथिका आहे, देवळालीकरांच्याच नावाची कला वीथिका आहे, गांधी हॉलचा पर्याय आहे. तीन दिवसांत शहराने यावं, बघावं, आवडून घ्यावं आणि जमलं तर विकतही घ्यावं, अशी अपेक्षा असते. चौथ्या दिवशी भिंत दुसऱ्याची. कायमचं दालन इथे मिळत नाही असं नाही. जीपीओजवळच्या केंद्रीय संग्रहालयात हिंगलाजगडच्या शिल्पकारांना मिळालंय. परमारकाळातले ते लोकही आसपासचेच, नावही न लिहिलेले. म्हणजे कायमच्या जागेसाठी साधारण नऊशे वर्षं धरून चालावं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा गेलो. छत्री विसरली होती, कलेसाठी गेलो असं खोटं सांगणार नाही. चित्रं उतरत होती. जुन्या चादरीत गुंडाळून, सुतळी बांधून, रिक्षात उभी-आडवी भरणं चाललं होतं. एक पोरगेला चित्रकार खिळे उपटू लागला, तर दुसरा म्हणाला, राहू दे रे, पुढच्याला लागतील.

"किती विकली?" मी विचारलं.

"काका, एक. पण ती काकूंनी घेतली. माझ्या काकूंनी. निळी पाहिजे होती, हिरवी घेऊन गेल्या. पडदे हिरवे आहेत."

तेवढ्यात चौकीदार आला. तीन दिवस एका जागी बसून हा एकच माणूस ती सगळी चित्रं रोज दहा तास बघत होता. त्याने मोकळ्या भिंतीकडे बघून विचारलं, "वो नीली वाली किधर गई?"

"गेली," पोरगा म्हणाला. "कालच मुंबईला पाठवली. तिथल्या एका दालनाने मागितलीय."

चौकीदाराने खुर्ची दुमडली, दिव्याचं बटण बंद केलं आणि म्हणाला, "तो अब महँगी हो जाएगी."

लुकलुकणारी मात्र विझली नाही. तिचं बटण वेगळीकडे होतं.