भुरका मारा, मग हसा

चाकण एमआयडीसीत जपानी शब्दांना तोटा नाही. कायझेन, कानबान, पोका-योके, गेम्बा... आयटीआय करून आलेला पोरगा सहा महिन्यांत हे शब्द आईच्या भाषेसारखे बोलायला लागतो. आकुर्डीत तर १९८०च्या दशकातच बजाजच्या मोटारसायकलींवर कावासाकीचं नाव आलं होतं. एवढ्या वर्षांच्या शेजारानंतर जपानी जेवणाबद्दल आपल्याकडे विनोद मात्र एकच : सुशी म्हणजे कच्चा मासा, ई!

हा विनोद आळशी आहे आणि चुकीचाही. सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेला भात. त्यावर मासा असेल, अंडं असेल, आत नुसती काकडी असेल. कच्च्या माशाच्या नुसत्या कापांना जपानी लोक साशिमी म्हणतात. आणि ही सुशी काही पहिल्यापासून पंचतारांकित नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, ती गाड्यावर उभ्याउभ्या खाऊन पुढे निघायची चीज होती. आपल्या वडापावसारखी.

खरी गंमत पुढे आहे. ओसाकाजवळच्या योशिआकी शिराइशी नावाच्या सुशीवाल्याने बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहिल्या. १९५८ साली त्याने तसाच पट्टा आपल्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे फिरवला. वेग ठेवला सेकंदाला ८ सेंटिमीटर. वाढपी कमी लागले, भाव उतरले आणि साध्या कामगाराला सुशी परवडू लागली. ज्याचं निम्मं आयुष्य कन्व्हेयरसमोर जातं, त्या चाकणच्या माणसाला यातली मजा समजावून सांगावी लागणार नाही. एरवी लाइन त्याला पळवते. इथे लाइन जेवण घेऊन त्याच्याकडे येते. एवढं कथानक हाताशी असताना आपण ‘ई’वर अडकलोय!

जपानी लोक स्वतःच्या जेवणावर भरपूर हसतात. २०१२च्या ‘डेड सुशी’त तर सुशीलाच दात फुटतात आणि ती माणसांवर झडप घालते. धुडगूसच आहे तो, मला फार आवडला नाही. पण जुझो इतामी यांचा १९८५ सालचा ‘टॅम्पोपो’ पाहा. त्यात सुशी नाही, रामेन आहे. पण जेवणावरचा विनोद कसा असावा, ते या सिनेमाकडून शिकावं. टँकरचा ड्रायव्हर गोरो एका विधवेच्या रडतखडत चाललेल्या रामेनच्या दुकानात शिरतो आणि तोंडावर सांगतो, तुझं रामेन जमलेलं नाही. ती रुसत नाही, शिकव म्हणते. मग तो तिला धावायला लावतो, जड भांडी उचलायला लावतो, दुसऱ्यांच्या दुकानांत नेऊन रस्सा चाखवतो. कायझेन, म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा, म्हणतात ती हीच, फक्त फळ्यावर तक्ता लावलेला नाही.

त्यातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. हॉटेलात बायकांचा शिष्टाचाराचा वर्ग भरलाय. बाई शिकवताहेत की स्पॅगेटी खाताना आवाज म्हणून करायचा नाही. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचा गोरा माणूस मोठ्याने सुर्रकन ओढून खाऊ लागतो. बघताबघता अख्खा वर्ग भुरके मारायला लागतो, शेवटी बाईसुद्धा. दुसऱ्या प्रसंगात फ्रेंच हॉटेलात साहेब मंडळी एकमेकांकडे बघून तेच ते मागवतात आणि बॅग उचलणारा कनिष्ठ पोरगा मेनू नीट वाचून मनासारखं मागवतो. साहेबांचे चेहरे लाल होतात. इतामी पदार्थाला हसत नाहीत, खाणाऱ्याच्या ढोंगाला हसतात.

भुरका तर आपलाच. पंगतीत मठ्ठ्याचा भुरका मारणारे आजोबा आपण पाहिलेत, आणि कॉन्फरन्स रूममध्ये आमटी चमच्याने, आवाज न करता पिणारा त्यांचा नातूही पाहतोय. ‘टॅम्पोपो’ या नातवाचा सिनेमा आहे.

असा सिनेमा मराठीत का होऊ नये? सचिन कुंडलकरांच्या ‘गुलाबजाम’ने २०१८ सालीच दाखवून दिलं की स्वयंपाकघर मराठी सिनेमाच्या मध्यभागी बसू शकतं. मुंबईचे डबेवाले मूळचे मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरचे; चाकण खेड तालुक्यातच आहे. एमआयडीसीच्या गेटबाहेर मराठवाड्यातल्या आणि बिहारमधल्या पोरांना एकाच कुकरच्या भातावर जगवणाऱ्या खानावळवाल्या मावशी आहेत. ट्रक ड्रायव्हर तर रांगेने उभे आहेत. फक्त जपानी साहेबाच्या डोळ्यांत मिरचीने पाणी येतं, हा प्रसंग कृपा करून लिहू नका. तो ‘ई’चाच जुळा भाऊ आहे. त्यापेक्षा साहेबाला मावशीच्या आमटीचा दणदणीत भुरका मारू द्या आणि शेजारी बसलेल्या आपल्या मॅनेजरची पंचाईत दाखवा.

तोवर एक काम लगेच होण्यासारखं आहे. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, पिंपरीत अत्रे रंगमंदिर आहे. शहरातल्या फिल्म सोसायट्यांनी आणि जपानी शिकवणाऱ्या वर्गांनी मिळून तिथे ‘टॅम्पोपो’ मराठी उपशीर्षकांसह दाखवावा. खेळ पहिली पाळी सुटल्यावर ठेवा, तिकीट डब्याच्या भावात ठेवा आणि खानावळवाल्या मावशींना पहिल्या रांगेत बसवा.