गल्ला एकीचा, चाव्या दुसरीकडे

"काय गं रोहिणी, हल्ली सकाळी सातलाच गाडी काढतेस! शाळा तर लेबर डेनंतर उघडणार म्हणाली होतीस."

"मुलांची लेबर डेनंतर, काकू. आमच्या कॅफेटेरियाचं काम आधीच सुरू होतं. फ्रीजर तपासा, ट्रे मोजा, दुधाची ऑर्डर लावा. आणि यंदा गळ्यात नवीन काम पडलंय, कॅशियर बायकांची लॉगिनं करायचं. मॅनेजर केलंय ना मला."

"मॅनेजर? आणि हे मला आज कळतंय? सून बोलली नाही, मुलगा बोलला नाही. शेजारी राहून उपयोग काय मग!"

"अहो, कागद आत्ता कुठे हातात आला. पेढे आणते की."

एडिसनच्या त्या गल्लीत दोन घरांच्या मध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण आहे. काकूंचा दुधी ते ओलांडून कधीच पलीकडे गेलाय, त्यामुळे दुधी तोडायच्या निमित्ताने रोज संध्याकाळी त्यांना कुंपणापाशी यावंच लागतं. काकूंची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. मुलाने न्यू जर्सीला आणल्यापासून समोर वर्ग नाही, म्हणून त्या गल्लीचीच हजेरी घेतात.

"पण काय गं, पैसे घ्यायचे, सुटे द्यायचे, त्याला लॉगिन कशाला लागतं?"

"पैसे हातात येतात किती! पालक घरबसल्या मुलाच्या खात्यात भरतात. मूल ट्रे घेऊन येतं, की-पॅडवर आपला पिन दाबतं. बाईच्या स्क्रीनवर फोटो येतो, नाव, इयत्ता, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तसा इशारा. फोटोतलं तोंड आणि समोरचं तोंड एकच आहे ना, ते तिने बघायचं, मग ट्रे बघायचा आणि लंचचं बटण दाबायचं."

"ट्रे काय बघायचा? वाढणारीने बघूनच वाढलं असेल ना."

"तिथेच तर खरी मेख आहे. पाच प्रकार मांडलेले असतात. मांस किंवा त्याऐवजी चीज-बीन्ससारखं काही, धान्य, फळ, भाजी आणि दूध. त्यातले निदान तीन घ्यायचे, आणि अर्धा कप फळ किंवा भाजी त्यात हवीच. आता एखादा पठ्ठ्या नुसता पिझ्झा आणि दूध घेऊन येतो. चीज आलं, पाव आला, दूध आलं. तीन झाले, तरी सरकारच्या लेखी ती थाळी नव्हेच. मग बाईने सफरचंदाच्या टोपलीकडे बोट दाखवायचं. सफरचंद ट्रेवर आलं की मग बटण."

"आणि पोरगं तेच सफरचंद पुढे जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकतं."

"टाकतं कधी कधी. त्याचं बटण नाही आमच्याकडे."

"सरकारला काय पडलंय एवढं, कुणी सफरचंद घेतलं नि कुणी नाही?"

"पैसे देतं ना ते! ट्रुमन अध्यक्ष असताना, १९४६ साली शाळेतल्या जेवणाचा कायदा झाला, तेव्हापासून देतंय. मोजलेल्या प्रत्येक थाळीमागे शाळेला पैसे मिळतात. ज्या घरची कमाई कमी, त्या मुलाच्या थाळीमागे जास्त. म्हणून थाळी मोजायची ती गल्ल्यापाशीच, मुलाच्या हातात ट्रे असताना आणि त्याच्या नावावर. संध्याकाळी उरलेले ट्रे मोजून अंदाजे आकडा टाकणं चालत नाही."

काकूंनी कोयता कुंपणावर टेकवला. हा विषय त्यांच्या रक्तातला.

"हे मला नको सांगूस. १९९५ साली आपल्याकडे शालेय पोषण आहार आला, तेव्हा आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचो. पुढे कोर्टाच्या आदेशानंतर खिचडी शिजायला लागली. तांदूळ किती आला, किती शिजला, किती पोरं जेवली, रोजच्या रोज रजिस्टर. पुढे ती माहिती मोबाइलवरून भरायची आली. लॉगिन मुख्याध्यापकांचं, आणि भरणारे आम्ही सगळे! पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून खडूने लिहिलेला. एकदा एका दिवशी हजर पोरांपेक्षा जेवलेली पोरं जास्त लागली. तालुक्याहून विचारणा आली, कुणी भरलं? सगळे एकमेकांकडे बघत राहिले."

"बघा! तेच व्हायला नको म्हणून हा खटाटोप. इथेही हजेरीशी थाळ्या ताडून बघाव्या लागतातच. मग प्रत्येक बाईचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि 'कॅशियर एक, कॅशियर दोन' असली लॉगिनं मी करतच नाही. एखादी आजारी पडली नि बदली बाई आली, तर तिचंही स्वतःचं लॉगिन. तासाभरासाठी आली असली तरी."

"तासाभरासाठी कोण एवढं करत बसतंय!"

"मलाही वाटायचं तसं, कॅशियर होते तेव्हा. पण गल्ल्यात वीस डॉलर कमी भरले आणि त्या लॉगिनवर दिवसभरात तिघी बसलेल्या असल्या, तर संशय तिघींवर. एकेकीचं वेगळं असलं तर दोघी तरी सुटतात. आणि बऱ्याचदा तिसरीही सुटते, कारण कुठल्या मिनिटाला काय दाबलं गेलं ते नावानिशी लिहिलेलं असतं."

"बरं, लॉगिन दिलंस. मग तिला सगळंच करता येत असेल."

"छे! तिथेच तर खरं काम आहे. आत गेल्यावर तिने काय काय करायचं, ते एकेक ठरवावं लागतं. विक्री करायची, हो. खात्यात भरायला आणलेले पैसे घ्यायचे, हो. चुकून दोन दूध दाबले तर विक्री पुरी व्हायच्या आत एक काढायचं, तेही हो. पण एकदा विक्री पुरी झाली की ती रद्द करायची नाही. पैसे परत करायचे नाहीत, मुलाच्या शिलकीत हात घालायचा नाही, भाव बदलायचे नाहीत, बंद केलेला दिवस पुन्हा उघडायचा नाही. ते मी करायचं, आणि मलाही का केलं ते कारण लिहावं लागतं."

"म्हणजे बायकांवर विश्वास नाही तुझा. काल त्यांच्याच शेजारी उभी राहून गल्ला सांभाळत होतीस, आणि मॅनेजर झाल्याबरोबर कुलपं लावायला निघालीस. चहापेक्षा किटली गरम!"

रोहिणी हसली, पण बोलताना आवाज जरा वर गेलाच.

"काकू, उलट आहे. आमच्याकडे एक गुजराती बेन आहेत, माझ्याहून जुन्या. त्या म्हणाल्या, मला रद्द करायचं बटण देऊच नकोस. बटण असलं की पोरं मागे लागतात, 'मिस, ते काढा ना, माझ्या आईला कळेल.' चिप्स घेतलेल्या असतात ना खात्यातून. बटणच नसलं तर 'मॅनेजरला विचार' एवढं म्हटलं की बेन मोकळ्या. आणि पैसे कमी भरले तर 'हिनेच विक्री रद्द करून खिशात घातले असतील' असं कुणी म्हणूच शकत नाही. तिच्या हातात ती सोयच नव्हती."

"हं. हे बाकी पटलं."

"दिवस संपताना गल्ला मोजायचा तोही तसाच. किती रक्कम असायला हवी, ते आधी तिला दिसत नाही. तिने नोटा-नाणी मोजून आकडा भरायचा, मग मशीन ताडून बघतं. आधीच आकडा दिसला तर माणूस मोजत नाही हो, जुळवतो. जास्त निघाले की हळूच वेगळे ठेवतो, कमी पडले तर स्वतःच्या पर्समधले टाकतो. दोन्ही वाईटच."

"पर्समधले टाकणारी मीही बघितलीत. खिचडीच्या तेलाचे पैसे वेळेवर आले नाहीत की बाईंच्याच पर्समधून जायचे." काकूंनी इकडेतिकडे बघितलं, कुंपणावर जरा वाकल्या आणि आवाज खाली आणला. "बरं, आता मॅनेजर झालीस तर एक सांग. ते कोपऱ्यावरचे नाहीत का, निळ्या दाराचे? त्याची नोकरी गेली म्हणतात. त्यांची मुलगी तुमच्याच शाळेत ना? फुकट जेवणात आहे का गं ती?"

"काकू!"

"अगं, कुणाला सांगणार आहे का मी?"

"तुम्ही नाही सांगणार, पण मीही नाही सांगणार. आणि गल्ल्यावरच्या बाईला विचारलंत तर तिला खरंच माहीत नसतं. तिच्या स्क्रीनवर ते येतच नाही."

"येत नाही कसं? मग पैसे कुणाचे घ्यायचे आणि कुणाचे नाही, ते कसं कळतं तिला?"

"ते मागच्या मागे होतं. सगळ्यांचा पिन सारखा, बटण सारखं, रांग एकच. कुणाच्या खात्यातून पैसे कापायचे नि कुणाच्या नाही, ते मशीनला ठाऊक. पूर्वी काही ठिकाणी वेगळ्या रंगाची कुपनं असायची, त्यावरून अख्ख्या वर्गाला कळायचं. आता नियमच आहे, मूल कोणत्या गटातलं आहे ते रांगेत कुणाला ओळखू येता कामा नये. आणि ती माहिती भलत्याला दिली तर हजार डॉलरपर्यंत दंड, वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही."

"अगं बाई! कैद?"

"कैद. पेढ्यांऐवजी डबा घेऊन याल का मला भेटायला?"

काकूंनी उगाच एक पान खुडलं. पण शिक्षिकेचं डोकं ते, गप्प कसं बसणार. "पण सगळ्या चाव्या बंद केल्यास हे तुला कसं कळलं? मुख्याध्यापकांना वाटायचं कपाटाला कुलूप आहे, आणि मागची फळी निघालेली."

"अगदी बरोबर विचारलंत. यादीत खुणा केल्या की काम झालं, असं वाटतं. ऑफिसमधल्या बाईंनीच सांगितलं, कॅशियर म्हणून आत जाऊन बघ. म्हणून शाळा उघडायच्या आधी एक खोटं लॉगिन केलं आणि सराव करायच्या भागात शिरले. तिथल्या विक्रीचा खऱ्या मोजणीत हिशेब धरत नाहीत. विक्री रद्द करून बघितली, नाही झाली. भाव बदलून बघितला, नाही झाला. शिलकीवर बोट ठेवलं, हललं नाही. छान वाटलं. मग वर कोपऱ्यात 'रिपोर्ट' म्हणून एक छोटी खूण होती, ती दाबली. अख्ख्या वर्गाची यादी उघडली, नावापुढे खाती, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकाचा गट!"

"निघाली ना मागची फळी!"

"निघाली. विक्रीच्या परवानग्या एका पानावर, आणि रिपोर्ट बघायच्या दुसऱ्याच पानावर. तिथे सगळ्यांना सगळं खुलं ठेवलेलं. ऑफिसला कळवून बंद करून घेतलं. मग पुन्हा आत गेले, तर यादी अजून उघडतेच! कारण ऑफिसमध्ये बदललं तरी गल्ल्यावरच्या मशीनने ते उतरवून घेतल्याशिवाय त्याला कळत नाही. नेट गेलं तरी रांग चालू राहावी म्हणून ती मशीनं आपापली यादी जवळ ठेवतात. एकदा अपडेट केलं, मग कुठे ती खूण गेली."

"आणि नोकरी सोडून गेलेल्या बायकांचं काय करतेस? आमच्या एका गुरुजींची बदली होऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांच्या नावाने माहिती भरली जायची."

"लॉगिन बंद करायचं, पण पुसायचं नाही. पुसलं तर तिने केलेल्या जुन्या विक्रीला धनीच उरत नाही. ऑडिटवाल्यांनी विचारलं तर सांगणार काय? मागच्या वर्षीच्या तिघींची अजून उघडी होती. पहिलं काम ते केलं."

काकू जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण एक सांगू? आमच्या खिचडीला हे काही लागत नव्हतं. सरपंचाचा नातू आणि त्याच्याच शेतावर राबणाऱ्याचा पोरगा, एका ओळीत, एकाच पातेल्यातलं. कोण गरीब ते लपवायचा प्रश्नच नाही, कारण विचारलंच नव्हतं कुणी."

"इथेही तसं चालू झालंय काही ठिकाणी. कॅलिफोर्निया, मेनसारख्या राज्यांत २०२२ पासून शाळेत सगळ्यांनाच फुकट. इतरत्रही जिथे गरजू मुलं जास्त, त्या शाळांना सगळ्यांना फुकट द्यायची मुभा आहे. आपल्या न्यू जर्सीने कमाईची मर्यादा वाढवत नेली, २०२४-२५ पासून दारिद्र्यरेषेच्या २२४ टक्क्यांपर्यंत. पण आमच्या शाळेत अजून फॉर्म आहे, कमाई विचारतात, गट पडतात. जोवर विचारतो तोवर लपवायची जबाबदारीही आपलीच, नाही का?"

"बाकी तू स्वतः बघतेस की नाही ते गट? तुला तर दिसत असतील."

"मलाही नाही, काकू. मी ऑफिसला कळवलं, गल्ला चालवायला मला ते लागत नाही, माझंही बंद करा. गट ठरवतात त्या जिल्ह्याच्या ऑफिसातल्या मोजक्या माणसांना तेवढं दिसतं."

"स्वतःच स्वतःला कुलूप!" काकूंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुझ्याकडून काही म्हणता काही कळायचं नाही. राहिलं. मग निदान हे तरी सांग, निळ्या दाराच्या शेजारचं घर कितीला गेलं?"

"ते ना? त्याला लॉगिन लागत नाही. सगळ्या घरांचे व्यवहार सरकारी नोंदीत असतात, कुणीही बघावे. थांबा, फोन आणते."

"आण, आण. आणि येताना चष्माही आण गं, माझा वर राहिलाय."