खेळाडूवर पाणी केव्हा सोडावे

फुटबॉल संघाने एखाद्या खेळाडूवर पाणी सोडण्यापूर्वी चार बाबी क्रमाने तपासाव्यात: करार, फॉर्म, वय आणि वर्गणी. पहिल्या तीन व्यावसायिक संघांसाठी आहेत. चौथी अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातील टर्फवरच्या संघांसाठी असून निर्णायक आहे.

करार: फॉर्म हरवला एवढ्यावरून संघाला खेळाडूचा करार मोडता येत नाही. फिफाच्या नियमांत खेळाडूची मात्र सोय आहे. हंगामातील दहा टक्क्यांहून कमी सामन्यांत खेळायला मिळालेला प्रस्थापित व्यावसायिक खेळाडू स्वतःहून करार संपवू शकतो. संघ फार काळ विचार करत बसल्यास खेळाडूच संघावर पाणी सोडतो.

फॉर्म: रिकाम्या गोलसमोरून चेंडू बाहेर मारणाऱ्याबद्दल प्रेक्षकांचा निर्णय तत्काळ होतो. संघाने घाई करू नये. बिपिन सिंग कोलकात्याच्या एटीकेत एक हंगाम खेळून 2018 मध्ये मुंबई सिटी एफसीत आला. 13 मार्च 2021 रोजी फातोर्ड्याला आयएसएलच्या अंतिम सामन्यात समोर एटीके मोहन बागान होता. 90व्या मिनिटाला 2-1 असा विजयी गोल बिपिननेच केला. 4 मे 2024 रोजी कोलकात्यातील अंतिम सामन्यात मुंबईने मोहन बागानला 3-1 असे हरवले, त्यातही त्याचा एक गोल होता. यावरून नियम असा: सोडलेला खेळाडू पुढे अंतिम सामन्यात समोर येणार नाही, याची लेखी हमी घेऊनच त्याला सोडावे. अशी हमी देणारे कार्यालय अद्याप उघडलेले नाही.

वय: जन्मतारखेवर विसंबू नये. 2015 मध्ये मुंबई सिटीकडून हॅटट्रिक करणारा सुनील छेत्री 6 जून 2024 रोजी भारतीय संघातून निवृत्त झाला. मार्च 2025 मध्ये, चाळिशीत, तो परतला आणि मालदीवविरुद्ध गोलही करून गेला. वय गुडघ्याला विचारावे.

वर्गणी: टर्फ तासावर मिळते, त्यामुळे येथे गुणवत्तेचा क्रम वेगळा लागतो.

(अ) ज्याच्या नावावर बुकिंग असते, त्याला कधीही वगळू नये; त्याने स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू मारला तरी ‘चांगला प्रयत्न’ म्हणावे.

(आ) खेळ संपण्याआधीच जीपे करणाऱ्याची बदली परगावी होईपर्यंत वाट पाहावी.

(इ) उत्तम खेळून ‘पुढच्या रविवारी एकदम देतो’ म्हणणाऱ्यास तीन रविवार द्यावेत. गोल जास्त असल्यास चार.

(ई) घरातूनच ‘निघालो’ असा मेसेज टाकणाऱ्याचे मेगाब्लॉकचे कारण एकदा मान्य करावे. बोरिवलीहून अंधेरीला येणाऱ्याने मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक सांगितल्यास तेही करू नये.

कार्यवाही: निर्णय तोंडावर सांगण्याची प्रथा नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढल्यास बोभाटा होतो. म्हणून त्याला वगळून नवा ग्रुप काढावा आणि जुन्या ग्रुपवर सणासुदीच्या शुभेच्छा चालू ठेवाव्यात.

अपवाद: वरीलपैकी काहीही गोलकीपरला लागू नाही. त्याच्यावर पाणी सोडण्यासाठी त्याच्या जागी उभा राहायला दुसरा कोणीतरी तयार असावा लागतो.