सूर्याचा पहिला नंबर

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, अकेडिया नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. समुद्र थेट त्याच्या खडकांवर येऊन आदळतो. तिथला कॅडिलॅक नावाचा डोंगर १,५३० फुटांचा. सिंहगड चढलेल्या माणसाने त्याला टेकाड म्हणावं एवढाच. पण मान मोठा: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अमेरिकेत सूर्य सर्वांत आधी दिसतो तो इथून. उरलेल्या महिन्यांत हा मान मेनमधल्याच दुसऱ्या ठिकाणांकडे जातो. पण ‘पहिला’ एवढं ऐकलं की मराठी माणूस पुढची तळटीप वाचत नाही.

न्यू जर्सीतल्या आमच्या चुलतभावाने यंदा ऑक्टोबरातल्या जोडून आलेल्या सुट्टीत अकेडियाचा घाट घातला. अंतर साधारण ५०० मैल, मुक्काम दोन रात्रींचा. काका-काकू सहा महिन्यांसाठी तिकडे गेलेले, त्यांना ‘फॉल कलर्स’ दाखवायचे होते. त्यासाठी ‘अकेडिया फायनल’ हा ग्रुप निघाला, मग ‘अकेडिया फायनल खरं’. पुण्यात बसलेल्या आम्हालाही त्यात घेतलं. जो जाणार नसतो त्याचं मत सर्वांत ठाम असतं, हे बहुधा त्यांना माहीत असावं.

तर तिथे सूर्याला तिकीट आहे. म्हणजे सूर्य फुकटच, पण मोसमात गाडी डोंगरमाथ्यावर न्यायची तर आधी ऑनलाइन आरक्षण लागतं. गाडीमागे सहा डॉलर, उद्यानाचं प्रवेशशुल्क वेगळं. वहिनीने लगेच हिशेब मांडला: सात माणसं, एक मोठी गाडी, माणशी ८६ सेंट. एवढ्या स्वस्तात सूर्य कुठे मिळतो? यातली तीस टक्के तिकिटं नव्वद दिवस आधी निघतात आणि आमची माणसं जागी होईपर्यंत संपतात. उरलेली सत्तर टक्के दोन दिवस आधी, सकाळी दहाच्या ठोक्याला.

“दहाला? म्हणजे तत्काळ!” काका सोफ्यावरून उठलेच. गणपतीत कोकणकन्येचं एसीचं तत्काळ काढलेला माणूस. महिनाभर अमेरिकेत ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ ऐकून कंटाळलेला. त्यांनी दोन लॅपटॉप आणि तीन फोन मांडून घरच्यांना जागा नेमून दिल्या. रविवारचा सूर्य शुक्रवारी दहाला उघडणार होता आणि भावाची ऑफिसातली मीटिंगही दहालाच होती. मीटिंग पुढे ढकलली गेली. कारण ‘कौटुंबिक अडचण’ असं लिहिलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

वहिनीची एक्सेल फाइल बघण्यासारखी होती. शनिवारी सकाळी अकरा ते बारा: बार आयलंड आणि थंडर होल. ओहोटीला समुद्रातून वाळूचा बांध वर येतो आणि ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे दीड-दीड तास बार आयलंडवर चालत जाता येतं. थंडर होल म्हणजे खडकातली अशी कपार, की लाट आत शिरली की ढग गडगडल्यासारखा आवाज. तो ऐकायचा तर भरतीच्या तास-दोन तास आधी जावं. म्हणजे एका तासात ओहोटी आणि भरती, दोन्ही. मालवणात वाढलेले काका म्हणाले, “सूनबाई, दर्याक मीटिंगचा निमंत्रण धाडलंस काय?” वहिनीने थंडर होल दुपारी चारला हलवलं, आणि त्याने जेवणाच्या तीन ओळी लाल झाल्या.

जेवण हा वेगळाच विषय. तिकडे लोक शेवंड, म्हणजे लॉबस्टर, खायला जातात. काकू शाकाहारी. जॉर्डन पाँडच्या काठावर चहाबरोबर पॉपओव्हर खायची शंभरएक वर्षांची रीत आहे. वरून फुगलेला, आतून पोकळ, टम्म पुरीसारखा. त्यात अंडं निघालं. मग दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि कुकर एवढं गाडीत चढलं आणि मुलांच्या सायकली घरी राहिल्या. खरं तर त्या न्यायला हव्या होत्या. धाकट्या रॉकफेलरने तिथे सुमारे ४५ मैलांचे खडीचे रस्ते बांधवले, ज्यांवर मोटारीला बंदी आहे. काकांना हे पटेना. तेलाच्या पैशावर मोठा झालेला माणूस मोटार न जाणारा रस्ता बांधतो? आमच्याकडे खड्डे पाडून तेच साधतात, तेही खर्चाशिवाय.

आता ज्या रंगांसाठी एवढं चाललंय त्यांची गोष्ट. उद्यानाचा बराचसा भाग एका बेटावर आहे; १९४७च्या ऑक्टोबरात त्या बेटावर वणवा पेटला आणि उद्यानातली दहा हजार एकरांहून जास्त जमीन जळाली. आधी तिथे बऱ्याच भागात स्प्रूस-फरचं सदाहरित जंगल होतं, बाराही महिने हिरवं. जळालेल्या जागी बर्च आणि अॅस्पेन उगवले, आणि आज जे पिवळं सोनं बघायला गाड्यांची रांग लागते त्यातलं पुष्कळसं त्यांचं आहे. ही माहिती मी ग्रुपवर टाकली. तीन अंगठे आले आणि खाली प्रश्न: ‘पार्किंग कुठे?’

तिकीट मिळालं. काकांनी मिळवलं, दहा वाजून काही सेकंदांनी. तेव्हापासून ते शेजाऱ्यांनाही सांगतायत की अमेरिकेतला पहिला सूर्य आम्ही काढला.

तुमच्यापैकी कोणी निघणार असेल तर शुक्रवारची मीटिंग आधीच हलवा आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक हॉटेलच्या आधी बघा. डोंगरावरचं तिकीट नाही मिळालं, तर खाली ओशन ड्राइव्हच्या खडकांवरूनही सूर्योदय दिसतो. त्याला वेगळं आरक्षण लागत नाही, उद्यानाचा पास पुरतो. फक्त तो फोटो ग्रुपवर टाकताना खाली ‘पहिला’ लिहू नका. काका तपासतात.