आधी पाणी मोजा, मग काँक्रीट ओता

परवा इंदापूरकडच्या एका चारीवर अर्धा दिवस चाललो. नीरा डाव्या कालव्यातून चारीत पाणी सुटतं, तिथे भिंतीवर पातळी दाखवणारी पट्टी आहे. तिच्यावरचा एकही आकडा वाचता येत नाही. दाराचा आटा गंजलाय, फटीत सिमेंटची रिकामी पोती कोंबलीत. पुढे भरावाच्या बांधाला खेकड्यांची बिळं, बिळांखाली बारमाही हिरवं गवत. आणि शेपटाला, जिथे चारी संपते, तिथे तळाला भेगा पडलेल्या.

अशा चाऱ्यांसाठी उपाय सांगितला जातो तो एकच: सरसकट काँक्रीटचं अस्तरीकरण. तोंडाला किती पाणी सुटलं, शेपटाला किती पोचलं, मधल्या कोणत्या तुकड्यात किती मुरलं, हे कुणी मोजलेलं नसतं. म्हणजे दुखतं कुठे ते न विचारता सगळ्या अंगाला प्लॅस्टर!

नीरा डावा कालवा 1885 च्या सुमाराचा. त्याच्या झिरप्यावर या पट्ट्यातल्या विहिरी पिढ्यान्‌पिढ्या तगल्या आहेत. दोन आवर्तनांमधल्या खंडात ऊस, जनावरं, घर सगळं त्या विहिरीवर. म्हणून अस्तरीकरणाला बारामती-इंदापूरकडे विरोध झाला. त्या शेतकऱ्यांना आडमुठं म्हणणं साफ अन्यायाचं आहे. कागदावर ज्याला गळती म्हणतात, ते त्यांच्या मोटारीनं उपसलेलं पाणी आहे. पण याच कालव्याखाली, पाणी जास्त झाल्यामुळे, इंग्रजांच्या काळातच जमिनी चोपण झाल्या आणि निचऱ्याचे चर खणावे लागले, हेही तितकंच खरं. झिरपा कुठे तारतो, कुठे मारतो. ते तुकड्यातुकड्यानंच कळेल.

काँक्रीटचं म्हणाल तर काळ्या जमिनीत ते अवघडच. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. खाली चांगल्या मुरमाचा थर दाबून दिला नाही तर वरचं अस्तर तडकणारच. परवाच्या वाटेवरच अस्तर केलेला एक जुना तुकडा आहे. त्याच्या सांध्यात माझी चार बोटं सहज गेली, आणि पुढच्याच सांध्यातून पिंपळाचं हातभर रोप वर आलं होतं. पाण्याची पाळी संपून कालवा रिकामा झाला की मागच्या ओल्या मातीतलं पाणी आतून ढकलतं. त्याला वाट ठेवली नसेल तर अख्खी लादी उचलली जाते. असं तडकलेलं अस्तर पाणीही धरत नाही आणि पैसाही गेलेला असतो. अस्तर हवं ते भरावावर आणि मुरमाड तुकड्यात, जिथे पाणी धो धो मुरतं तिथे.

बंद पाइपलाइनचं आकर्षण मला समजतं. जागा वाचते, बाष्पीभवन थांबतं, मधेच बांध फोडून पाणी वळवता येत नाही. पण तोंडाला जाळी आणि गाळ बसायला हौद नसेल तर एक तुंबलेला पाइप अख्खी पाळी बुडवतो. उताराचा हिशोबही चोख लागतो. शेवटच्या पोटचारीला पाइप घाला, माझी हरकत नाही.

सगळ्यात आधी करायचं काम सगळ्यात स्वस्त आहे. गाळ काढा, चारीचा मूळ उतार आणि रुंदी परत आणा, बिळं खणून चिकणमातीनं ठोकून बुजवा, दार बदला, पट्टीवर आकडे रंगवा.

मोजणं काही अवघड नाही. पाणी सुटलेलं असताना तोंडाला, मधे आणि शेपटाला एकाच वेळी फ्लूमवर, म्हणजे प्रवाह मोजायच्या अरुंद पन्हाळीवर, वाचन घ्यायचं आणि मधल्या दारांतून गेलेलं पाणी वजा करायचं. उरलं ते त्या तुकड्यातलं नुकसान. पाळीआधी आणि पाळीनंतर काठच्या विहिरींची पातळी दोरी सोडून बघायची. हे होऊ शकतं: नाशिककडे दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था पाणी मोजून घेतात. संस्थांच्या या कामाची सुरुवात तिथे ओझरला झाली, म्हणजे कालव्याच्या शेपटाला. पाणी ज्याला मिळत नाही त्यालाच मोजायची घाई असते. पाणीवापर संस्थांसाठीच्या राज्याच्या 2005 च्या कायद्यानंही संस्थांना पाणी घनमापनानंच द्यायचं ठरवलंय. मग या चारीवर पट्टी कोरी का?

म्हणून पाटबंधारे खात्याकडे मागणी अशी आहे: या रब्बीच्या पहिल्या पाळीत तिन्ही ठिकाणी वाचन घ्या. शेपटाच्या वाचनाला शाखा अभियंत्याबरोबर तिथलाच शेतकरी उभा असू द्या, जो रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जातो आणि कोरड्या चारीत उजेड पाडून परत येतो. आकडे चावडीवर लावा. त्यानंतर कोणत्या तुकड्याला माती, कोणत्या तुकड्याला काँक्रीट आणि कुठे पाइप, ते गावासमोर ठरवा. तोवर निविदा काढू नका.