काचराव

सिएटलजवळच्या बेलव्ह्यूच्या मराठी मंडळात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. काचराव. त्यांच्याकडे जेवायला जायचं असलं की आम्ही मुलं शेजारी सोपवतो, ओढण्या कमरेला खोचतो आणि शिंक आली तर अंगणात जाऊन देतो. दारातून आत गेलं की डावीकडे चार हजार डॉलरचा काचेचा शिंपला आणि उजवीकडे सहा हजारांचं ‘काहीतरी’. ‘काहीतरी’ हा शब्द वहिनींचा.

काचराव मूळचे कराडचे, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. इथे आल्यावर चौथ्या वर्षी, पाऊस थांबेपर्यंत म्हणून एका गॅलरीत शिरले. सिएटलचा पाऊस थांबत नाही, हे चार वर्षांत कळायला हवं होतं. बाहेर आले ते एक निळा गोळा पोटाशी धरून. पहिलं बाळ दवाखान्यातून आणताना त्यांनी एवढी काळजी घेतली नव्हती, असं वहिनी सांगतात.

नव्या माणसाला ते पहिल्या भेटीतच दोन गोष्टी शिकवतात. फुलदाणी म्हणायचं नाही, ‘व्हेसल’ म्हणायचं. आणि त्यात काही ठेवायचं नाही. एका काकूंनी भुईमुगाची टरफलं ठेवली होती. त्या काकूंचं नाव त्या घरात आता कुणी काढत नाही. उलट काचराव दुसऱ्याच्या घरी गेले की काचेचं दिसेल ते भांडं पालथं करतात. फुंकलेली वस्तू शेवटी सळईवरून सोडवतात, त्याची खूण बुडाला राहते. शेजारी कलावंताची सही. हे बघायचं असतं म्हणे. गेल्या हळदीकुंकवाला त्यांनी असंच एक भांडं उलटून पाहिलं. बुडाला सही नव्हती. आत खीर होती.

जेवणानंतर काचपुराण. पहिला अध्याय 1291 सालचा. आगीच्या भीतीने व्हेनिसने सगळ्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या आणि विद्या तिथेच कोंडली गेली. मग एकदम 1962. अमेरिकेतल्या टोलेडोच्या संग्रहालयाच्या आवारात हार्वे लिटलटनने छोटी भट्टी पेटवली, कारण काच कारखान्याबाहेर एकट्या कलावंतालाही फुंकता यावी ही त्याची जिद्द. पहिली काच काही वळेना. तेव्हा लाबिनो नावाच्या जाणकाराने कारखान्यातल्या काचेच्या गोट्या वितळवायला सुचवलं आणि काम झालं. इथे काचरावांचा आवाज भरून येतो. “गोट्या!” ते म्हणतात. आमच्यातले सगळेच गोट्या खेळून मोठे झालेले. पण त्यातून असं काही निघेल हे कुणाच्या आईला पटलं नसतं.

1971 मध्ये सिएटलच्या उत्तरेला पिलचक इथे काचेची शाळा निघाली. 1979 मध्ये मुरानोचे लिनो ताल्यापिएत्रा तिथे शिकवायला आले आणि बेटावरचे लोक रागावले. हे मात्र आम्हाला लगेच समजतं. घराण्याची चीज परक्या शिष्याला दिली की बुजुर्ग कसे फुरंगटतात, हे मराठी माणसाला भट्टीशिवाय कळतं.

मुख्य दैवत अर्थात काचकलावंत डेल चिहुली. अपघातात एक डोळा गेला, पुढे 1979 मध्ये समुद्रात खांदा निखळला. तेव्हापासून तो आराखडे काढतो, रंग सांगतो; फुंकतात बाकीचे.

“म्हणजे तो स्वतः काही करत नाही?” वहिनींनी एकदा विचारलं.

“दिग्दर्शन करतो!”

“असं होय. दिवाळीचा फराळ तुम्ही करता तसं.”

भारतातून आलेल्या पाहुण्यांना बोइंगचा कारखाना बघायचा असतो. काचराव त्यांना स्पेस नीडलखालच्या चिहुलीच्या बागेत नेतात आणि विमान परतीच्या दिवशी दाखवतात.

घरात आजवर केरसुणी न धरलेला हा गृहस्थ दर रविवारी मऊ कुंचल्याने दीड तास धूळ झटकतो. प्रत्येक वस्तूच्या बुडाला मेणाचे गोळे, कारण 2001 मध्ये इथे 6.8चा भूकंप झाला होता. भूकंपात कुठे उभं राहायचं, हे मुलांना शाळेने शिकवलं. काचेला काचरावांनी. संसाराचं तत्त्वज्ञानही भट्टीतलंच. अकराशे अंशांच्या आसपास तापलेली काच एकदम गार झाली तर तडकते, म्हणून तासन्‌तास हळूहळू निववतात. “भांडणाचंही तसंच आहे,” असं म्हणून ते वहिनींशी दोन-दोन दिवस अबोला धरतात.

“काच फुंकणारा तिकडे आणि पैसे फुंकणारा इकडे,” हा वहिनींचा हिशेब.

गेल्या उन्हाळ्यात काचरावांच्या आई आल्या. काचरावांनी पडदे ओढले, एकेका वस्तूखालचे दिवे लावले. आईंनी नारिंगी शिंपल्याभोवती एक फेरी मारली.

“ह्यात वात कुठं लावायची?”

“आई, ही कला आहे. हाताने फुंकलेली. तुला नाही कळायचं.”

“मला?” आई खुर्चीत बसल्या. “अरे, ओगलेवाडीला फुंकायचे की. माझा मामा होता कारखान्यात. गाल असे फुगवायचा! आणि रोज तिन्हीसांजेला राखेनं कंदिलाची काच पुसायची माझी पाळी. लग्न होईस्तोवर एकही फोडली नाही मी.”

मग त्यांनी तळेगावच्या काच कारखान्याची गोष्ट सांगितली. माणशी वर्षाला एक पैसा मागून जमवलेल्या पैसाफंडातून तो उभा राहिला, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं. एक पैसा ऐकून वहिनींनी शिंपल्याकडे पाहिलं. काचराव मात्र भारावले होते. उत्साहाने विचारते झाले, “आई, मग आपल्या घरी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील असेल ना गं एखादा? इथे ह्या कोपऱ्यात, खालून दिवा सोडून...”

“दोन होते माळ्यावर. तू घर पाडायला आलास तेव्हा भंगारवाल्याला वजनावर दिलेस. काचेचे पैसे तो देईना, म्हणून काचा तूच काढून फेकल्यास.”